हद्दपारीविरुद्ध दाद : नाशिकचा एक विद्यार्थी, लंडनची न्यायालये आणि हेगचा निवाडा (१९१०-११)

१/
परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा तेथे राहण्याचा हक्क एका सकाळी अचानक काढून घेतला गेला, तर त्याने दाद कोणाकडे मागावी? एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील हजारो परदेशी विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न उभा राहिला. ‘सेव्हिस’ या सरकारी नोंदप्रणालीतून त्यांच्या नोंदी रद्द झाल्या, काहींचे व्हिसाही गेले. त्यांत भारतीय विद्यार्थीही होते. अनेकांनी न्यायालयांत धाव घेतली, कित्येक न्यायाधीशांनी तात्पुरती मनाई दिली आणि महिना संपण्याआधी सरकारने नोंदी पूर्ववत करण्यास सुरुवात केली. ‘तात्पुरती मनाई’ हे दोन शब्द ध्यानात ठेवा. आजच्या कथेत त्यांचीच उणीव आहे.

२/
ही कथा एकशे पंधरा वर्षांपूर्वीची आहे. नाशिकचा एक तरुण बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेला आणि चार वर्षांनी त्याला बेड्या घालून परत पाठवण्याचा हुकूम निघाला. त्या हुकमाविरुद्ध तो लंडनच्या तीन न्यायासनांपुढे लढला. त्यानंतर त्याच्या नावाचा वाद थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला. त्याचे नाव विनायक दामोदर सावरकर. त्यांचे राजकारण, पुढील लेखन आणि त्यावरील मतभेद हा या मालिकेचा विषय नाही. येथे आपण एकच वाट चालणार आहोत : दाद मागण्याची.

३/
सावरकरांचा जन्म नाशिकजवळच्या भगूर येथे २८ मे १८८३ रोजी झाला. शालेय शिक्षण नाशिकला, पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा त्यांना दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. त्याच सुमारास लंडनहून श्यामजी कृष्णवर्मा यांनी आपल्या ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ या पत्रात भारतीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. त्यांतील एक शिवाजी महाराजांच्या नावाची होती. तिचे पैसे पॅरिसमधील जवाहिऱ्या सरदारसिंह राणा यांनी दिले होते. टिळकांच्या शिफारशीने ती सावरकरांना मिळाली आणि जून १९०६ मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले.

४/
लंडनमध्ये त्यांनी ‘ग्रेज इन’ या संस्थेत नाव घातले. बॅरिस्टर होण्याची तेव्हाची रीत नव्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. अशा चार ‘इन’पैकी एकीत प्रवेश घ्यायचा, ठरावीक सत्रे पुरी करायची, त्यासाठी संस्थेच्या भोजनगृहात नेमून दिलेल्या वेळा जेवायला बसायचे आणि परीक्षा द्यायच्या. मात्र परीक्षा उत्तीर्ण झाल्याने सनद मिळत नसे. संस्थेचे ज्येष्ठ सदस्य उमेदवाराला ‘बारवर बोलावत’, तेव्हाच तो बॅरिस्टर होई. म्हणजे गुणपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती असली, तरी दरवाजाची किल्ली दुसऱ्याच्या हाती असे.

५/
मग व्हिसाचे काय? तेव्हा तो लागतच नव्हता. परकीयांना अडवणारा ‘एलियन्स अ‍ॅक्ट’ ब्रिटनने १९०५ साली केला होता. पण हिंदुस्थानातील ब्रिटिश मुलखात जन्मलेला माणूस कायद्याने परकीय नव्हे, तर राजाचा प्रजाजन ठरे. भगूरचा मुलगा लंडनमध्ये उतरला, तो कोणाची परवानगी न घेता. हा हक्क ऐकायला मोठा वाटतो. परंतु साम्राज्याच्या आत तुम्ही ‘आपले’ असाल, तर साम्राज्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तुम्हाला ओढून नेणेही तितकेच सोपे असते. हा दुसरा अर्थ सावरकरांना १९१० मध्ये कळणार होता.

६/
लंडनमधील हिंदी विद्यार्थ्यांवर सरकारची नजर त्याआधीच वळली होती. १९०७ मध्ये सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या समितीने या विद्यार्थ्यांची स्थिती तपासली. १९०९ मध्ये त्यांच्या माहितीसाठी आणि देखरेखीसाठी इंडिया ऑफिसने स्वतंत्र कार्यालय उघडले. हायगेट भागातील ‘इंडिया हाउस’ हे वसतिगृह, जेथे सावरकर राहत, पोलिसांच्या पाळतीखाली होते. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा या विद्यार्थ्याने लंडनमध्ये सर कर्झन वायली यांना गोळ्या घालून ठार केले आणि हिंदी विद्यार्थी म्हटला की संशय, अशी हवा झाली.

७/
या हवेचा फटका सनदेला बसला. श्यामजींचे नाव त्याच वर्षी ‘इनर टेंपल’ने आपल्या यादीतून काढून टाकले होते. सावरकर परीक्षा उत्तीर्ण झाले, परंतु ग्रेज इनने त्यांच्या राजकीय हालचालींची चौकशी केली आणि त्यांना बारवर बोलावण्याचे नाकारले. न्यायालयाने शिक्षा दिलेली नाही, गुन्हा शाबीत झालेला नाही, तरीही ज्या कारणासाठी माणूस परदेशी आला तेच कारण नाहीसे झाले. आजच्या भाषेत सांगायचे, तर विद्यापीठाने नोंदणी थांबवली. पुढचे सगळे याच्यानंतर घडले.

८/
आता नाशिककडे वळू. जून १९०९ मध्ये थोरले बंधू गणेश ऊर्फ बाबाराव सावरकर यांना राजद्रोही कविता छापल्याबद्दल नाशिकच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्यांचा खटला सत्र न्यायालयाकडे पाठवणारे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे अभ्यासक होते. कोकण आणि गुजरातच्या लोकसाहित्याची टिपणे जमवणारा हा अधिकारी होता. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ते निरोपाच्या निमित्ताने ‘शारदा’ नाटकाला आले. तेथे अनंत लक्ष्मण कान्हेरे या कोवळ्या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच गेले.

९/
कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. तपासाचा धागा मात्र नाशिकवरून लंडनला पोचला होता. इंडिया हाउसमध्ये स्वयंपाक करणारा चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला. आपण सामानाच्या पेटीत लपवून वीस ब्राउनिंग पिस्तुले लंडनहून मुंबईला आणली आणि ती सावरकरांनी आपल्या हवाली केली होती, अशी त्याची साक्ष होती. नाट्यगृहात वापरलेले पिस्तूल याच वीसांतले, असे सरकारचे म्हणणे होते. आरोप पोकळ नव्हता, हे येथेच सांगायला हवे. दाद मागणाऱ्याचा हक्क तो निर्दोष असण्यावर अवलंबून नसतो. म्हणूनच असे प्रकरण अभ्यासण्यासारखे असते.

१०/
मुंबईहून अटकेचे वॉरंट फेब्रुवारी १९१० मध्ये निघाले. सावरकर तेव्हा पॅरिसमध्ये होते. तेथे मादाम कामा होत्या, राणा होते आणि मुख्य म्हणजे फ्रान्सचा कायदा होता. तरीही ते लंडनला परतले आणि १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्थानकावर गाडीतून उतरताच पकडले गेले. का परतले, यावर चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, एका रेल्वेप्रवासाने त्यांनी एका कायद्याची हद्द ओलांडून दुसऱ्या कायद्याच्या हद्दीत पाऊल टाकले.

११/
वॉरंटमध्ये पाच प्रकारचे आरोप होते : राजाविरुद्ध युद्ध पुकारणे किंवा त्यास चिथावणी, सार्वभौम सत्ता हिरावून घेण्याचा कट, शस्त्रे मिळवून वाटणे आणि जॅक्सन यांच्या वधास साहाय्य, लंडनमधून शस्त्रे पुरवणे आणि तेथून युद्ध चालवणे, आणि राजद्रोही भाषणे. भाषणांत १९०६ साली हिंदुस्थानात, म्हणजे लंडनला जाण्यापूर्वी केलेली भाषणेही होती. जी भाषणे झाली तेव्हा माणूस मोकळेपणाने बोटीत बसला, त्याच भाषणांसाठी चार वर्षांनी त्याला परत मागितले जात होते. व्हिसाच्या प्रकरणांत जुने, विसरलेले प्रकरण अचानक उकरून काढले जाते, तसेच हे.

१२/
येथे दोन कायद्यांतील फरक समजून घ्या, कारण सगळी कथा त्यावर उभी आहे. ब्रिटन दुसऱ्या देशाला आरोपी देई, तेव्हा १८७० चा प्रत्यार्पण कायदा लागू होई. त्यात स्पष्ट म्हटले होते की राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी कोणालाही परत दिले जाणार नाही. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी पाठवायचा असेल, तर मात्र १८८१ चा ‘फ्युजिटिव्ह ऑफेंडर्स अ‍ॅक्ट’, म्हणजे फरारी आरोपींचा कायदा लागे. त्यात राजकीय गुन्ह्याची सवलतच नव्हती. इटलीच्या बंडखोराला लंडनमध्ये जे संरक्षण मिळे, ते नाशिकच्या प्रजाजनाला मिळत नसे.

१३/
तरीही या कायद्यात एक खिडकी होती : कलम १०. सर्व परिस्थिती पाहता, अंतर आणि दळणवळणाची साधने लक्षात घेता, आरोपीला परत पाठवणे अन्यायकारक, जुलमी किंवा अतिकठोर ठरेल असे वरिष्ठ न्यायालयाला वाटले, तर ते त्याची सुटका करू शकते किंवा पाठवणी लांबवू शकते. तसेच मागणी न्यायाच्या हेतूने, सद्भावनेने केलेली नसेल, तरीही. सावरकरांच्या वकिलांची सारी भिस्त या कलमावर होती. येथे प्रश्न ‘हा दोषी आहे काय’ असा नव्हता. ‘याला पाठवणे न्याय्य आहे काय’ असा होता.

१४/
वाट अशी होती. पहिली पायरी बो स्ट्रीटचे दंडाधिकारी न्यायालय. तेथे कागद आणि प्रतिज्ञापत्रे पाहून सकृद्दर्शनी पुरावा आहे की नाही, इतकेच तपासले जाई. मे महिन्यात दंडाधिकाऱ्यांनी पाठवणीचा निर्णय दिला आणि सावरकर ब्रिक्स्टन तुरुंगात राहिले. दुसरी पायरी उच्च न्यायालय : तेथे हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज. तिसरी पायरी अपील न्यायालय. इंग्लंडच्या कायदेग्रंथांत हे प्रकरण ‘ब्रिक्स्टन तुरुंगाचा गव्हर्नर, एक्स पार्टे सावरकर’ या नावाने आजही सापडते.

१५/
दोन्ही बाजूंचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडू. बचावाचे म्हणणे : हा माणूस फरारी नाही, तो उघडपणे शिकायला आला; लंडनमधील कृत्यांबद्दलचा खटला लंडनमध्येच, ज्युरीपुढे चालू शकतो; मुंबईत मात्र १९०८ च्या कायद्याखाली विशेष न्यायासन बसेल, ज्यात ज्युरी नाही आणि निकालावर अपीलही नाही. सरकारचे म्हणणे : खून नाशिकला झाला, साक्षीदार तिकडेच, सहआरोपी मुंबईत कोठडीत, एकाच कटाचे दोन खंडांत दोन खटले कसे चालवायचे? सरकारची सोय खरी होती. पण आरोपीच्या पदरी पडणारी न्यायाची गुणवत्ता वेगळी होती, हेही तितकेच खरे.

१६/
न्यायालयांनी सरकारची बाजू उचलून धरली. जून १९१० मध्ये अपीलही फेटाळले गेले. उरला होता गृहमंत्र्यांचा अधिकार. ते पद तेव्हा पस्तिशीतल्या विन्स्टन चर्चिल यांच्याकडे होते. पाठवणीचा आदेश निघाला आणि १ जुलैला ‘मोरिया’ ही बोट कैद्याला घेऊन निघाली. अटकेपासून रवानगीपर्यंत साडेतीन महिने लागले. सुनावण्या झाल्या, वकील बोलले, निकालपत्रे लिहिली गेली. इंग्लंडपुरती दाद येथे संपली. मात्र बोटीचा मार्ग फ्रान्सच्या एका बंदरावरून जाणार होता.

१७/
७ जुलैच्या संध्याकाळी ‘मोरिया’ मार्सेलिसला लागली. ८ जुलैच्या सकाळी सावरकरांनी शौचकूपाच्या गवाक्षातून अंग बाहेर काढले, समुद्रात उडी घेतली आणि धक्का गाठून ते पळू लागले. मागून आरडाओरडा झाला. फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका जमादाराने त्यांना पकडले आणि काही मिनिटांतच ते पुन्हा बोटीवर होते. दुसऱ्या दिवशी बोट निघाली. महाराष्ट्रात ही उडी शौर्यकथा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. कायद्याच्या विद्यार्थ्याने मात्र उडीपेक्षा धक्क्याकडे पाहावे.

१८/
कारण त्या धक्क्यावर पाय टेकताच १८८१ चा कायदा संपत होता. आता ब्रिटनला हा माणूस हवा असेल, तर एका स्वतंत्र राष्ट्राकडे रीतसर मागणी करावी लागणार होती आणि तेथे राजकीय आरोपीला आश्रय देण्याची परंपरा होती. लंडनच्या तीन न्यायासनांपुढे जो मुद्दा मांडण्यालाही जागा नव्हती, तो मार्सेलिसच्या धक्क्यावर आपोआप उभा राहत होता. जमादाराने नकळत एक संपूर्ण न्यायप्रक्रिया काही मिनिटांत ओलांडली : ना दंडाधिकारी, ना अर्ज, ना सुनावणी. हातात हात धरून बोटीवर परत.

१९/
पॅरिसमध्ये मादाम कामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रकरण उचलले. कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांनी ‘ल्युमानिते’ या समाजवादी पत्रातून आवाज उठवला. फ्रेंच सरकारने ब्रिटनकडे सावरकरांना परत मागितले. बराच पत्रव्यवहार होऊन २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे सोपवण्याचा करार केला. एका कैद्यासाठी दोन महासत्ता लवादापुढे जाण्यास तयार झाल्या. दाद मागण्याच्या इतिहासातला हा विलक्षण क्षण होता. दरम्यान कैदी कोठे होता, ते आता पाहा.

२०/
बोट २२ जुलैला मुंबईत पोचली होती. १५ सप्टेंबरला विशेष न्यायासनापुढे नाशिक कट खटला उभा राहिला : मुख्य न्यायमूर्ती सर बेसिल स्कॉट, सर नारायण चंदावरकर आणि न्या. हीटन. बचावासाठी बॅ. जोसेफ बॅप्टिस्टा होते. फ्रान्सच्या भूमीवरची अटकच बेकायदा, असा आक्षेप निघाला. न्यायासनाचे उत्तर असे : आरोपी आमच्यापुढे कोणत्या मार्गाने आला, हे आम्हाला पाहायचे नाही, तो येथे आहे, आरोप आमच्या अधिकारातले आहेत, इतके पुरे. हे तत्त्व पुढे अनेक खटल्यांत याच निकालाच्या आधाराने सांगितले गेले. सावरकरांनी आपण फ्रान्सच्या आश्रयाचे हक्कदार आहोत असे सांगून कामकाजात भाग घेण्याचे नाकारले.

२१/
हेगचा करार झाला, तरी मुंबईचा खटला थांबला नाही. २३ डिसेंबर १९१० रोजी पहिली शिक्षा : जन्मठेप काळे पाणी आणि मालमत्ता जप्त. ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सनवधास साहाय्य केल्याबद्दल दुसरी जन्मठेप. दोन्ही एकामागून एक भोगायच्या, म्हणजे पन्नास वर्षे. वय २७. मुंबई विद्यापीठाने दिलेली पदवीही काढून घेतली गेली. सनद नाकारली होतीच. आता ज्या परीक्षेच्या बळावर तो विद्यार्थी बोटीत चढला होता, तीही पुसली गेली.

२२/
फेब्रुवारी १९११ मध्ये हेगला पाच लवाद बसले : बेल्जियमचे बेर्नार्ट हे अध्यक्ष, फ्रान्सचे लुई रनो, ब्रिटनचे लॉर्ड डेसार्ट, नॉर्वेचे ग्राम आणि नेदरलँड्सचे साव्होर्निन लोमन. त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता : आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नियमांनुसार विनायक दामोदर सावरकर यांना ब्रिटिश सरकारने फ्रेंच सरकारकडे परत द्यावे की नाही? या खटल्यात पक्षकार दोन राष्ट्रे होती. ज्याचे आयुष्य पणाला लागले होते, तो पक्षकारच नव्हता. हेगच्या दालनात त्याचे नाव होते, त्याला आवाज नव्हता.

२३/
२४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा आला. लवादाने मान्य केले की अटकेत आणि ताब्यात देण्यात अनियमितता घडली. पण बोट येण्यापूर्वीच दोन्ही देशांच्या पोलिसांत पत्रव्यवहार झाला होता. ब्रिटिशांनी फसवणूक किंवा बळजबरी केलेली नव्हती. जे झाले ते फ्रेंच जमादाराच्या हातून झाले. दुसऱ्या राष्ट्राच्या अंमलदाराची चूक झाली, एवढ्यावरून ताब्यात असलेला कैदी परत देण्याचे बंधन घालणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. म्हणून परत देण्याची गरज नाही. चूक मान्य, उपाय नामंजूर.

२४/
आता तारखा एका ओळीत ठेवून पाहा.
१३ मार्च १९१० : अटक.
१ जुलै : रवानगी.
८ जुलै : मार्सेलिस.
२५ ऑक्टोबर : लवादाचा करार.
२३ डिसेंबर : पहिली जन्मठेप.
३० जानेवारी १९११ : दुसरी जन्मठेप.
२४ फेब्रुवारी : हेगचा निवाडा.
‘हा माणूस तुमच्या ताब्यात असायला हवा होता काय’ या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या शिक्षेनंतर पंचवीस दिवसांनी आले. समजा, हेगने फ्रान्सच्या बाजूने कौल दिला असता, तर? पन्नास वर्षांची शिक्षा झालेला कैदी ब्रिटनने किती सहज परत दिला असता, याचा विचार ज्याने त्याने करावा.

२५/
या प्रकरणाचा खरा धडा येथे आहे. सावरकरांना सुनावणी मिळाली नाही, असे म्हणता येणार नाही. लंडनमध्ये तीन पायऱ्या मिळाल्या, वर आंतरराष्ट्रीय लवादही झाला. कमी पडले ते दुसरेच : निर्णय होईपर्यंत माणूस जेथे आहे तेथेच राहील, अशी हमी. इंग्लंडमध्ये अपील चालू असेतो ती होती. म्हणून तेथे निदान युक्तिवादाला अर्थ होता. मार्सेलिसनंतर ती नव्हती. म्हणून हेगचा निवाडा कायद्याच्या पुस्तकांचा झाला, माणसाच्या उपयोगाचा राहिला नाही. स्थगितीशिवाय अपील म्हणजे गाडी सुटल्यावर मिळालेले तिकीट.

२६/
पहिल्या महायुद्धानंतर जग बदलले. पासपोर्ट आणि व्हिसा हे सार्वत्रिक झाले. हिंदुस्थानात १९२० साली पासपोर्टचा कायदा आला. पूर्वी प्रजाजन म्हणून मोकळा फिरणारा विद्यार्थी आता शिक्क्यावर अवलंबून राहिला आणि शिक्का देणे वा काढून घेणे हा सरकारचा मर्जीचा अधिकार समजला गेला. १९७७ मध्ये भारत सरकारने मनेका गांधी यांचा पासपोर्ट कारणे न देता जमा करून घेतला. २५ जानेवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितले की परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. तो हिरावणारी पद्धत न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. आणि बाधित व्यक्तीचे म्हणणे ऐकले गेलेच पाहिजे.

२७/
मात्र हे संरक्षण आपल्या देशाने आपल्या नागरिकाला दिलेले आहे. परदेशी विद्यार्थी दुसऱ्याच्या अंगणात उभा असतो. म्हणून १९१० च्या प्रकरणातून निघणारे तीन प्रश्न आजही कामाचे आहेत. पहिला : माझ्यावर कोणता कायदा चालवला जात आहे? व्हिसा रद्द होणे आणि देशात राहण्याचा दर्जा जाणे या अमेरिकेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांवरचे उपायही वेगळे. दुसरा : दाद ऐकणाऱ्यापुढचा नेमका प्रश्न कोणता? मी दोषी आहे की नाही हा, की मला घालवणे न्याय्य आहे की नाही हा? तिसरा, सर्वांत निकडीचा : निकाल लागेपर्यंत मला येथे राहता येईल काय?

२८/
एप्रिल २०२५ मधील विद्यार्थ्यांच्या वकिलांनी आधी तिसरा प्रश्न धरला. संपूर्ण खटला जिंकण्याआधी त्यांनी तात्पुरती मनाई मागितली. काही दिवसांची ती मुदत मिळाली, म्हणून पुढचे सारे शक्य झाले. एकदा विमानात बसवलेल्या विद्यार्थ्याला परत आणणे किती अवघड असते, हे त्यांना ठाऊक होते. सावरकर प्रकरण त्यांनी वाचले असेल की नाही, कोण जाणे. पण ‘मोरिया’ बोटीच्या प्रवासात हेच लिहिलेले आहे.

२९/
४ जुलै १९११ रोजी सावरकर अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये दाखल झाले. पुढची कथा तुम्हाला माहीत आहे आणि तिच्यावर वाद घालायला इतर धागे आहेत. नाशिकला गेलात, तर तिळभांडेश्वर गल्लीत अभिनव भारत मंदिराची जुनी वास्तू पाहा. तेथून एक विद्यार्थी निघाला होता आणि ज्या खुनाचा आरोप त्याच्यावर आला, तोही याच गावात घडला होता. आरोपाचे आणि आरोपीचे गाव एकच. त्यांच्या मध्ये मात्र लंडन, मार्सेलिस आणि हेग.

३०/
जॅक्सन यांच्या घरच्यांना न्याय हवा होता आणि तो मागण्याचा त्यांना हक्क होता. सावरकरांना न्याय्य पद्धत हवी होती आणि तीही मागण्याचा त्यांना हक्क होता. हे दोन्ही एकाच वेळी मान्य करता येणे, हेच कायद्याच्या राज्याचे गमक. ज्या दिवशी आपण ‘आरोप गंभीर आहे, मग पद्धत कशाला’ असे म्हणू लागतो, त्या दिवशी मार्सेलिसच्या धक्क्यावरचा तो जमादार आपल्या मनात येऊन उभा राहिलेला असतो. मालिका येथे पूर्ण झाली. घरातले कोणी परदेशी शिकत असेल, तर त्यांना निदान सत्ताविसावा भाग जरूर वाचायला द्या.